थांबून काढलेला फोटो

शेगावात स्टेशनच्या रस्त्यावर माझं ऑनलाईन कामाचं दुकान होतं. कॉम्प्युटर जुनाट, कीबोर्डवरचं स्क्रीनशॉटचं बटन कधीच मेलेलं. म्हणून स्क्रीनचा फोटो हवा असला की मी स्क्रीनवरच कमांडची काळी खिडकी उघडून कमांड टाइप करायची. एक ओळ, एन्टर, झालं.

धाकटी बहीण सोनाळ्याला दिलेली. दुपारी ती चुलीवरच्या फळीवर मोबाईल उभा करून मला दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावायची. एकदा आम्ही बोलत असतानाच तिचा नवरा, आमचा जावई, आत आला आणि भाजी खारट झाली म्हणून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. माझा मोबाईल साधा, बटनाचा. मी कमांड मारली. फोटो आला, पण जावई त्यात नव्हताच. माझी काळी खिडकीच त्याच्यावर आडवी पसरलेली. अस्सा संताप आला स्वतःचा!

मग बैठक बसली. आमच्याकडे पोरीचं रडगाणं आधी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांपुढे मांडतात. मी बोट लावलं नाही, ती मोरीत पडली, असं जावई बेधडक म्हणाला. आमच्या मोठ्या काकांनी मी छापून नेलेला फोटो उलटसुलट पाहिला, यात तर काहीच दिसत नाही म्हणाले आणि तिला पुन्हा नांदायला धाडलं.

जाताना तिनं मला बाजूला घेतलं. "ताई, या खेपेले फोटो बराबर आला पाह्यजे. कॉल मीच लावीन."

मी कमांडमध्ये थांबा घातला. एन्टर मारला की पाच सेकंदांनी फोटो, मग पुन्हा पुन्हा. तेवढ्या वेळात काळी खिडकी खाली सारायची.

कॉल आला तेव्हा जावई जेवत होता. बैठकीत खोटं का बोललास, म्हणून ती त्याला मुद्दाम टोचत राहिली. मी एन्टर मारला. त्यानं ताट भिरकावलं, केस धरून तिला ओट्यावर आदळलं, मग लाटणं, मग लाथा. मी घसा फोडून शिव्या देत होते. आवाज तिनं आधीच बंद करून ठेवलेला. फोटो पडत होते. दुकान उघडं टाकून मी जीप केली आणि तिला घेऊन आले.

दुसऱ्या बैठकीत फोटो हातोहात फिरले. जावयाची मान खाली. तरी मोठ्या काकांनी विचारलंच, "पण पोरी, तू असं बोलली तरी काय त्याले?"

तिच्या ओठाला टाके होते. ती हळू बोलली.

"त्यानं मारावं म्हणूनच बोलली, काका. मागच्या खेपेले तुमाले दिसलं नव्हतं."

काकांनी फोटो पालथा ठेवला. तिला परत जा म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही.