बहीण गेली त्या दिवशी मी बर्फावर होते

सुनेचं पाठीचं ऑपरेशन झालं म्हणून मी अमेरिकेत लेकाकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले. ती हिंडूफिरू लागली तसं मी लेकाला म्हटलं, मला परत धाड. थोरली बहीण सांगलीत दवाखान्यात होती आणि तिचं काही खरं नव्हतं. लेक म्हणायचा, "आई, स्टेबल आहे मावशी. पुढच्या महिन्यात तुझं तिकीट आहेच ना." बहिणीशी शेवटचं बोलणं फोनवर झालं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "मी येईस्तोवर थांब." ती म्हणाली, "मी काय एसटी आहे का, थांबायला? तूच ये लवकर."

मग एका शनिवारी सकाळीच लेक म्हणाला, "चल आई, आज तुला शिकागो दाखवतो." तुझा फोन चार्जिंगला लावलाय, घरीच राहू दे, म्हणाला. मला बरंच वाटलं. दोन महिने खिडकीतून नुसता पांढरा रस्ता बघत होते. सून घरी राहिली. मी तिची जाड पँट चढवली, वर लेकाचा कोट घातला आणि नातीचा हात धरून ट्रेनमध्ये बसले.

शहर मला आवडलं. माणसं भराभरा चालतात, कुणी कुणाकडे बघत नाही. उंच इमारतींच्या मधोमध मोकळ्यावर बर्फाचं मैदान केलं होतं आणि त्यावर लहानथोर सगळे पायात पात्यांचे बूट घालून गोल फिरत होते. भाड्याचे बूट नातीने माझ्या पायात घातले. लहान मुलांना धरायला प्लास्टिकचे पेंग्विन ठेवले होते, त्यातला एक मला दिला.

"आजी, बेंड युअर नीज! डोन्ट लुक डाउन!"

"मराठीत बोल, मी पडेन."

"गुडघे! गुडघे!"

पडले नाही. पेंग्विनच्या मागे वाकून मी घसरत निघाले. मांड्या भरून आल्या, नाक गळायला लागलं, आणि मी मोठ्याने हसत होते. किती वर्षांनी तशी हसले ते सांगता येणार नाही. नात फोन धरून पुढे उलटी घसरत होती. लेक कठड्याला टेकून उभा होता. तो हसत नव्हता. मला वाटलं, गारठलाय.

ट्रेनमध्ये परतताना नातीचा फोन वाजला. "आजी, फॉर यू," म्हणून तिने माझ्या हातात दिला. पलीकडे बहिणीची मुलगी होती.

"मावशी, मजा आली का गं बर्फात? पँट छान दिसते तुला."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या घराने बघितलं. आज दुपारी आईला पोचवून आलो आम्ही. ग्रुपवर सगळ्यांचे श्रद्धांजलीचे मेसेज, आणि त्यात तू नाचतेस."

मी लेकाकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं.

"तुझ्या लेकाला आज सकाळीच कळवलंय, तुमच्याकडे तेव्हा रात्र होती. आता येऊ नकोस." तिने फोन ठेवला.

नातीला मराठी वाचता येत नाही. घराच्या ग्रुपवर काय चाललंय ते न कळता तिने व्हिडिओ टाकला होता, वर हसरे चेहरेही लावले होते. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती रडायला लागली. मी तिला जवळ ओढलं.

लेक म्हणाला, "आई, उद्या सांगणार होतो. तू जेवली नसतीस. म्हटलं, एक दिवस तरी तुझा नीट जावा."

आमच्याकडे असंच करतात. माणूस गेलेला असतो आणि 'जरा जास्त आहे' म्हणतात, आधी दोन घास खायला लावतात, मग सांगतात. माझ्या लेकाने दोन घासांच्या जागी मला शहर दाखवलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण बहिणीला जाळत होते तेव्हा मी झोपले होते, आणि तिची माणसं रडत बसली होती तेव्हा मी पेंग्विन ढकलत होते.

घरी येऊन अंघोळ केली. लेक म्हणाला, व्हिडिओ काढून टाकलाय. मी म्हटलं, "सगळ्यांनी बघून झाल्यावर? तिकीट काढ." तो म्हणाला, "ती नको म्हणतेय ना." मी म्हटलं, "तोंडावर म्हणू दे."

दहाव्याच्या आदल्या दिवशी पोचले. भाचीने दार उघडलं आणि आत निघून गेली. ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. एक म्हणाली, "बर्फ फार असतो का हो तिकडे?" दुसरीने तिला कोपराने ढोसलं. मी म्हटलं, "असतो."

भाचीने सगळ्यांना चहा दिला, मला दिला नाही. मी उठून मोरीत गेले आणि पडलेली भांडी घासायला घेतली. तिने बघितलं. नको म्हणाली नाही.