पोटासाठी गाणारा गेत्झल

गेत्झल गातो तेव्हा डोळे मिटतो. पहिल्या सुराच्या आधी मिटतो आणि टाळ्या थांबल्यावर उघडतो. मधल्या वेळात आपण देवाशी बोलत असतो असं तो स्वतःच सांगतो. देवाचं म्हणणं अजून कुणी विचारलेलं नाही.

मी त्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. बँडचं नाव ‘तहान’. आमच्या ज्यूंतल्या हसिदी पंथाच्या आजोबा-पणजोबांचे निगून, म्हणजे शनिवारच्या मावळतीला मेजावर हात आपटत गायच्या बिनशब्दांच्या चाली, गेत्झल गिटारवर घेतो, मागे अमेरिकी सोल संगीताचा ठेका लावतो आणि एकच ‘आय-आय-आय’ इतकं ताणतो की तेवढ्यात माझ्या बायकोचा बटाट्याचा कुगेल भट्टीत भाजून व्हावा.

मी मूळचा लग्नात वाजवणारा. आमच्या गेउला वस्तीतली निम्मी जोडपी माझ्या क्लॅरिनेटवर नाचली आहेत. गेत्झलला त्याचं फार वाईट वाटतं.

“तुझं काय, फायवेल, तू पोटासाठी वाजवतोस,” तो मला कीव केल्यासारखा म्हणायचा. “आमचं हे गाणं नाहीच. ही प्रार्थना आहे.”

ही प्रार्थना सुरू होण्याआधी तो साउंडवाल्याशी कडाकडा भांडायचा. मुद्दा एकच, फायवेलचा माइक कमी कर आणि माझा वाढव.

तो वाढला मेआ शआरीम या कर्मठ वस्तीत. वडील रेब काल्मन तिथल्या शुद्धिस्नानाच्या कुंडाचा बंब सांभाळायचे. लोक पहाटे बुडी मारायला यायच्या आत पाणी तापलेलं हवं, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी. बंब पेटवताना ते एकच निगून गुणगुणायचे, तोही बेसूर. गेत्झलनं तीच चाल उचलली आणि तिच्यावरच ‘तहान’चं नाव झालं. “हे माझ्या वडिलांचं गूढ आहे,” असं तो दर कार्यक्रमात सांगायचा. वडील एकदाच ऐकायला आले. काळा कोट, कडक टोपी, शेवटच्या रांगेत ताठ बसलेले. संपल्यावर त्यांनी लेकाला बाजूला घेतलं.

“पोटात दुखत होतं का रे?”

“नाही, टाते.”

“मग एवढा कण्हत का होतास?”

वडिलांना टाते म्हणणारा हा एवढा मोठा कलावंत त्या दिवशी तोंड लपवत फिरला. मला ते आठवून अजून बरं वाटतं.

पुरीमचा सण झाला आणि रेब काल्मन गेले. आमच्यात आईबाप गेले की वर्षभर वाद्यं कानावर पडू द्यायची नाहीत. आणि उन्हाळ्यात आमचा आजवरचा सगळ्यात मोठा कार्यक्रम ठरलेला, जुन्या शहराच्या तटाखालच्या खुल्या मंचावर. तो बुडाला असता तर ‘तहान’ आटोपलीच होती. ड्रमवाल्यानं दुसरीकडे बोलणीही सुरू केली होती. सूट मिळते ती फक्त ज्याची चूल गाण्यावर पेटते त्याला. माझी आई गेली तेव्हा मला ती मिळाली होती. विचारायला मला लाज वाटली नाही.

महिना उलटल्यावर मी गेत्झलला रब्बी ओझरांकडे नेलं. असले निवाडे तेच देतात. जिन्यातच त्याला बजावलं, “पोटासाठी, एवढंच बोल. प्रार्थनाबिर्थना काढलीस तर मी उठून चालता होईन.”

रब्बी खारवलेला हेरिंग मासा खात बसले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, “गातोस ते आवड म्हणून, की पोटासाठी?”

“पोटासाठी,” गेत्झल म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही. इतकी वर्षं मुलाखतींतून आत्मा आणि स्वर्गाची दारं वाटत फिरलेला माणूस गरज पडताच सगळं एका घासात गिळून मोकळा झाला. मला हवं होतं तेच तो बोलला होता, तरी मला त्याची किळस आली.

“मग गा,” रब्बी म्हणाले. “पण गवंडी विटा रचतो तसं गा. सुख घ्यायचं नाही. मन त्यात गुंतलं की ते पोटासाठी उरलं नाही. मग तिथंच थांबायचं. कळलं?”

“कळलं.”

“सगळे असंच म्हणतात,” रब्बी म्हणाले आणि पुन्हा हेरिंगकडे वळले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी गेत्झल डोळे उघडे ठेवून गायला. डोलला नाही, गोष्टी सांगितल्या नाहीत. चाल सुरू केली, संपवली, पुढची घेतली. इतका सुरात तो कधीच गायला नव्हता. पण पुढच्या रांगेतली तागाचे सैल सदरे घातलेली भाविक मंडळी चुळबुळायला लागली.

“आज याच्यात आत्मा नाहीये,” एक बाई शेजारणीला म्हणाली, मला मंचावर ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. या लोकांना आत्मा मिटलेल्या पापण्यांतच सापडतो.

मग बंबाची चाल आली. पहिला भाग नीट गेला. दुसऱ्यात त्याचा आवाज चिरकला. त्यानं तोंड मिटलं, गिटार खाली ठेवली आणि मंचावरून निघून गेला. ड्रमवाला ठेका धरून राहिला.

“नाटक्या,” मी पुटपुटलो. पण कुणीतरी चाल पुढे न्यायलाच हवी होती. उरलेली मी क्लॅरिनेटवर वाजवली, साधी, लग्नात वाजवतो तशी. लोक उभे राहिले. ती बाई डोळे पुसत म्हणाली, “मौन! काय सुचलंय याला!”

ड्रमवाल्याला ठेका चालू ठेवायची खूण करून मी गेत्झलची खरडपट्टी काढायला मागे गेलो. भर कार्यक्रमात आम्हाला उघड्यावर टाकून गेला होता, मला खूप काही बोलायचं होतं.

तो वायरींच्या पेट्यांमागे भिंतीकडे तोंड करून उभा होता. दोन्ही कानांत बोटं खुपसलेली. मी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. टाळ्याही गेल्या नसणार. मी खांद्याला हात लावला तसा तो दचकून वळला.

“वाजवणं थांबलं का?” तो बहिऱ्यासारखा ओरडला. तोंड रडून सुजलं होतं.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं बोटं आणखी आत दाबली आणि पुन्हा भिंतीकडे वळला. मी मंचावर परत गेलो आणि ड्रमवाल्याला म्हटलं, बंद कर.