राहिलेली सही

माझ्या नातीच्या मुलाचं जावळ काढलं, त्या वर्षाची ही गोष्ट. उन्हाळा होता. भुसावळचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे, की तिथे दुपारी जेवण झालं की माणूस झोपत नाही, पडतो. मीही कूलरसमोर खाटेवर पडलो होतो. पाहुणे आदल्या दिवशीच परतले होते. घरात उरलेल्या बुंदीचा वास होता आणि माझ्या उशीशेजारी एक कागद होता.

कागदाबद्दल आधी सांगतो. दिगंबर वाणे या आमच्या गावच्या पुढाऱ्याला सरकारने उचलून आत टाकलं होतं. आरोप सांगितला नव्हता, कोर्टापुढे उभं केलं नव्हतं. ज्या सरकारसाठी त्याने गावोगाव भाषणं केली, त्याच सरकारला तो नकोसा झाला होता. ऋजुता नावाची एक तरुण वकील सह्या गोळा करत होती. याला सोडा, नाहीतर खटला चालवा, एवढंच मागणं. तिला पहिली सही माझी हवी होती, आणि का हवी होती ते गावाला सांगावं लागत नव्हतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी रुळांपलीकडच्या वस्तीत वाचनालय काढलं होतं. वाण्याच्या माणसांनी ते फोडलं, पुस्तकं नाल्यात फेकली, आणि अडवायला गेलेल्या माझ्या मुलाचा, एकनाथचा, उजवा डोळा गेला. वाणे स्वतः समोरच्या पानटपरीवर उभा राहून बघत होता.

"तुम्ही केलीत तर बाकीचे करतील, आजोबा," ऋजुता म्हणाली होती.

माझी सून, एकनाथची बायको प्रमिला, दारात उभी होती. पोरगी गेल्यावर म्हणाली, "आबा, तुम्हाला वाटेल ते करा. पण माझ्यापासून लपवून करू नका."

लपवण्यासारखं काही नव्हतं. मी सही करणार नव्हतो.

कूलरचं पाणी टपटपतंय. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. स्वयंपाकघरात प्रमिला भांडी लावतेय. भांड्यांचा आवाज लांब जातो. टपटप मात्र जवळ येते, आणि ती आता कूलरची नाही, बराकीच्या कोपऱ्यातल्या नळाची आहे. मी फरशीवर मांडी घालून बसलोय. समोर खानापुरे सर. अंगात बंडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

विश्राम खानापुरे म्हणजे पुण्याचे प्राध्यापक. त्यांचे लेख लोक कापून ठेवत. आणीबाणीत त्यांना लेखांसाठी पकडलं आणि मला युनियनसाठी. मी तेव्हा गँगमन होतो, तिशीतला, सही म्हणून अंगठा उठवणारा. बराकीत वर्तमानपत्र यायचं ते सरकारची स्तुती करणारंच. सरांनी मला त्याच्यावरच अक्षरं शिकवली. प्रत्येक शब्दाखाली बोट, एकही सुटायचा नाही. ज्यांनी आम्हाला डांबलं त्यांचं कौतुक मी अक्षर लावत मोठ्याने वाचायचो आणि सगळी बराक हसायची. सर म्हणायचे, "हसा, पण पुरतं वाचून हसा."

"सर, तुम्ही तर गेलात," मी म्हणतो.

"हो. तू आला नाहीस."

"पाय दुखत होते."

"खोटं बोलतोस, सुपडू. तोंडावरून कळतं. गेलो तरी चष्मा आहे माझ्याकडे." सर हसतात. "बोल, काय काम काढलंस?"

मी कागद पुढे करतो.

"तू वाच," सर म्हणतात.

मी वाचायला जातो तर अक्षरं जागेवर राहत नाहीत. साखरेवरच्या मुंग्यांसारखी इकडून तिकडे धावतात. आपण फलाटावर बाकावर बसलोय असं माझ्या लक्षात येतं, आणि समोरची स्टेशनाची पाटीसुद्धा कोरी आहे. कुठलं स्टेशन ते कळत नाही. अंगठ्याच्या दिवसांत मी असाच पाट्यांपुढे उभा राहायचो.

"लागत नाही, सर."

"आण इकडे."

ते वाचतात. बोट शब्दाखालून सरकतं, आवाज तोच, शिकवतानाचा. चौकशीविना स्थानबद्ध. नागरिकाचा हक्क. मी ऐकत नाही, बोटाकडे बघतो. एका ठिकाणी बोट उचलतं आणि खालच्या ओळीवर टेकतं.

"सर, एक ओळ सोडलीत."

"तुला वाचता येत नाही म्हणालास ना?"

"बोट तर दिसतं."

सर चष्मा काढून बंडीला पुसतात. पुसत बसतात. "त्या ओळीत नाव आहे."

"वाण्याचं."

"ढवळ्याचं."

एक मालगाडी आवाज न करता जाते.

त्र्यंबक ढवळे एका लहानशा साप्ताहिकाचा संपादक होता. तोंडाचा फाटका. सरांना त्याने छापून शिव्या दिल्या होत्या. आणीबाणी उठल्यावर काही काळाने सरांच्या मित्रांचं राज्य आलं, आणि त्या मित्रांनी ढवळ्याला तसंच आत टाकलं, जसं आम्हाला टाकलं होतं. लोक सरांकडे सहीला गेले. सरांनी केली नाही. मी पुण्याला जाऊन विचारलं, तर म्हणाले, ही वेळ नव्हे. मी त्यांच्या घरचा चहा न घेता उठलो. त्यानंतर गेलो नाही.

"भेटतो का तिकडे?" मी विचारतो.

"भेटतो की. बोलत नाही माझ्याशी. चहाच्या वेळी नेमका समोर येऊन बसतो." सर चष्मा लावतात. "कपबशी जोरात आपटतो मेला."

मला हसू येतं. सरांनाही.

आता आम्ही त्यांच्या पुण्याच्या खोलीत आहोत. भिंतीला लागून पुस्तकं, खिडकीत तुळस, आणि फरशीवरून नाल्याचं पाणी वाहतंय, घोट्याएवढं. माझ्या वाचनालयाची पुस्तकं त्यातून येतात. सर एक उचलतात, धुण्यासारखं पिळतात आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घालतात.

"मी गप्प बसलो त्याला कारण होतं," ते म्हणतात. "मित्र नुकते आले होते. आम्हीच ओरडलो असतो तर ते पडले असते आणि जुने परत आले असते."

"आले नाहीत का?"

"आले." ते दुसरं पुस्तक पिळतात. "पण तेव्हा काय माहीत? आणि एक सांग. दंडुका चालवणाऱ्याला कुणी विचारतं का, काल काय बोललास, आज काय करतोस? आम्हाला मात्र विचारतात. चार ओळी लिहिणाऱ्याने आयुष्यभर एकाच मापाने मोजायचं, हा कुठला न्याय? मी काही संत नव्हतो."

"संत कुणी मागितला, सर?"

"मग तुझं काय गेलं? मी ढवळ्यासाठी गप्प बसलो. त्यानंतर जे जे लिहिलं, ते खोटं होतं का?"

"नाही. सगळं खरं होतं."

"मग?"

मी पाण्यातून चालत खिडकीपर्यंत जातो. तिथे तुळस नाही, आमच्या घरातलं कालचं जावळ आहे. पोराचं डोकं तुळतुळीत, एकनाथच्या मांडीवर बसलंय. ते हात वर करतं आणि बोट थेट एकनाथच्या काचेच्या डोळ्यात घालतं. एकनाथ हसतो, म्हणतो, "घे रे, हा दुखत नाही." प्रमिला उठून आत जाते. हे काल खरंच झालं होतं, अगदी असंच.

"पूर्वी तुमचा लेख आला की मी पहिल्या शब्दापासून वाचायचो," मी पाठमोराच बोलतो. "ढवळ्यानंतर मी आधी बघायला लागलो, हा कुणाविरुद्ध आहे. मग वाचायचो. तेवढंच गेलं माझं."

मागे पाण्याचा आवाज थांबलेला असतो. वळतो तर सर हातात ओलं पुस्तक घेऊन उभे आहेत, पिळत नाहीत.

"तेवढंच," ते म्हणतात.

मग ते माझ्याजवळ येतात आणि खिडकीतून एकनाथकडे बघतात.

"करू नकोस सही," ते हळू आवाजात म्हणतात. "मी सांगतो. माझा तर कुणी डोळा फोडला नव्हता. ढवळ्याने फक्त शिव्या दिल्या होत्या. तुझ्याकडे माझ्यापेक्षा मोठं कारण आहे. आणि विचार कर, तू आत असतास तर या वाण्याने तुझ्यासाठी सही केली असती?"

"नसती केली."

"मग संपलं."

"त्याच्याकडे कुणी कागद नेलाच नसता, सर. माझ्याकडे आणलाय."

"म्हणजे आता तूही विचारवंत झालास. सहीसाठी येतात दारात." ते माझ्या पाठीवर थाप मारतात. हात गार आहे, पण परका वाटत नाही. "हे बघ, माझ्याशेजारी जागा आहे. तू, मी, कारणं असलेली माणसं. बरीच आहेत तिकडे. चांगली माणसं आहेत, वाचलेली. ये, बस."

मला वाटलं होतं परवानगी मिळाली की बरं वाटेल. त्यासाठीच मी कागद पुढे केला होता. पण ते सरकून जागा करतात आणि मला त्या जागेची भीती वाटते. खोलीत पाणी नाही आता. लांबच लांब बाक आहे, त्यावर माणसं बसलीत, चांगल्या कपड्यांतली, प्रत्येकाच्या मांडीवर एक कागद. कुणी कुणाशी बोलत नाही. समोर एकटा ढवळे कपबशी घेऊन बसलाय आणि एकेकाकडे बघतोय. रागाने नाही. नुसता बघतोय.

"मी उभाच बरा," मी म्हणतो.

सर मान हलवतात, जणू हेच उत्तर येणार हे त्यांना माहीत होतं. मग हात पुढे करतात.

"मग तुझं पेन दे जरा."

"कशाला?"

"ढवळ्याची करून टाकतो. राहिलेली. ती ओळ काही कागदावरून जात नाही बघ."

आमच्याकडे असं मानतात की गेलेला माणूस स्वप्नात काही देऊ लागला तर घ्यावं, मागू लागला तर देऊ नये. पण मी पेन देत नाही ते त्या भीतीने नाही. सरांनी बोट धरून शिकवलेली पहिली सही मी त्यांच्यासमोरच केली होती, त्यांना नाही म्हणणं मला जड जातं.

"सर, आता चालत नाही."

"का?"

"तो गेला ना. आतच गेला. कुणाला देणार कागद?"

"तरी दे."

ते पेन धरतात. ओढत नाहीत, नुसतं धरतात, लहान पोर धरतं तसं. मी मूठ आवळतो. आणखी आवळतो. आम्ही दोघं एकाच पेनाला धरून उभे आहोत आणि मला रडू येतंय. सर माझ्याकडे बघत म्हणतात, "बरं. तुझं चालतंय तोवर..." आणि पुढचं भांड्यांच्या आवाजात बुडून जातं.

प्रमिला चहा घेऊन उभी आहे.

"आबा, अहो आबा! हाताला काय हे?"

माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडतो तर आत माझं शाईचं पेन. टोपण खाटेवर पडलंय, आणि तळहाताच्या मधोमध निळा, ओला डाग, बोटांच्या खाचांतून मनगटापर्यंत गेलेला. पडताना मी पेन हातात घेतलं नव्हतं. ते खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होतं.

"झोपेत कुणाशी बोलत होतात?" ती विचारते.

"खानापुरे सरांशी."

तिचा चेहरा उतरतो. चहा खाली ठेवते. "काही मागितलं का त्यांनी?"

"मागितलं."

"अगं बाई! आणि दिलंत?"

"नाही दिलं."

ती सुटल्यासारखा श्वास टाकते. मग तिची नजर उशीशेजारच्या कागदाकडे जाते, तिथून माझ्या हातातल्या उघड्या पेनाकडे. ती हुशार बाई आहे. तिला सांगावं लागत नाही.

"प्रमिला, मी करतोय," मी म्हणतो. "तू लपवू नको म्हणाली होतीस."

कूलरच्या वाऱ्याने कागद फडफडतो, धरायला जावं तर माझ्या हाताची शाई लागेल. मी अवघडून बसतो. ती थोडा वेळ बघते. मग खाटेच्या कडेला टेकते आणि कागदाच्या वरच्या भागावर आपला तळहात ठेवते.

"माझी मागू नका," ती म्हणते.

"नाही मागत."

"ह्यांचीही मागू नका."

"नाही."

मी माझं नाव लिहितो. अजूनही मला वेळ लागतो, एकेक अक्षर ठेवावं लागतं. लिहून झाल्यावरही ती हात उचलत नाही. शाई वाळेपर्यंत तशीच धरून बसते, दुसरीकडे बघत.

त्र्यंबक ढवळे १९७९च्या पावसाळ्यात, अटकेत असतानाच वारले. विश्राम खानापुरे १४ डिसेंबर २०१८ रोजी पुण्यात, राहत्या घरी वारले.