झटपट ब्रेडचे आठ आठवडे

सत्याचा शोध घेणारी माणसं जगात फार थोडी असतात आणि त्यांतली बहुतेक इतिहासजमा झालेली असतात. जी एक-दोन अजून हयात आहेत, त्यांतलं एक पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतं आणि ते माझे थोरले साडू आहेत. स्वतः तपासून पाहिल्याशिवाय कोणतीही गोष्ट स्वीकारायची नाही, हा त्यांचा बाणा. आजवर त्यांच्या हाती लागलेलं सत्य हे कोथिंबिरीच्या जुडीत गवत किती, दुधात पाणी किती आणि ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणणारा प्लंबर खरोखर किती वाजता येतो, एवढ्यापुरतंच असेल. पण शोधामागची तळमळ अस्सल आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी माझी चौकशी त्यांच्यावर सोपवली होती. ते तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी, न कळवता आमच्या घरी आले. पहिल्या दिवशी मी दाढी करत होतो, दुसऱ्या दिवशी आईशी भांडत होतो आणि तिसऱ्या दिवशी झोपलो होतो. ‘एका नमुन्यावरून मालाची परीक्षा होत नाही,’ असं त्यांनी मला पुढे समजावलं. निकाल विचारला तेव्हा म्हणाले, ‘नापास करण्यासारखं काही आढळलं नाही.’ माझ्या सासरी याला होकार समजतात. ‘हो’ हा शब्द साडू वापरत नाहीत. हो म्हटलं की पुढची जबाबदारी तपासनिसावर येते, असं त्यांचं म्हणणं.

ते भोसरीच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी खात्यात होते. देशाची दारं उघडली, तशी त्या कारखान्याचीही उघडली आणि त्यांतून आधी परदेशी भागीदार आले, मग टाय आले आणि शेवटी गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आलं. प्रमाणपत्र मिळाल्यावर गुणवत्ता तपासणाऱ्या माणसांची गरज उरली नाही. साडूंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तीत स्वेच्छा कुणाची होती, हे मात्र त्यांना तपासू दिलं गेलं नाही. निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं. ते रोज चाळीस सेकंद मागे पडतं, असं त्यांनी आठवड्याभरात लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. त्यानंतर त्यांची सगळी तपासणी घराकडे वळली आणि त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ज्यांना आम्ही ताई म्हणतो, त्या महिनाभरात वाळल्या. स्वयंपाकघराच्या दारावर ‘आमचे गुणवत्ता धोरण’ अशी पाटी लागली. ताईंनी तिच्यावर लाटणं अडकवलं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, मुक्तानं, जेवताना लग्नाचं जाहीर केलं तो प्रसंग मी पाहिलेला आहे, कारण त्या दिवशी आम्ही उभयता तिथे जेवायला होतो. मुक्ता हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिच्याच कंपनीतला, तिच्याच बसनं जाणारा अमोल नावाचा मुलगा तिनं पसंत केला होता.

‘नाव तर बरं आहे,’ ताई म्हणाल्या. ‘आपल्यातलाच का?’

‘आपल्यासारखाच आहे. ख्रिश्चन आहेत ते. मूळ नगरकडचे. राहायला येरवड्याला.’

साडूंनी वरणाचा भुरका संपवला. ‘येरवड्याला म्हणजे, आत की बाहेर?’

‘बाबा!’

‘नाही, आपलं विचारलं. पत्ता पूर्ण असावा.’

ताई उठून आत गेल्या आणि भांडी नको इतक्या जोरात वाजू लागली. मुक्तानं शांतपणे बाकीचं सांगितलं. जानेवारीत कंपनी दोघांनाही अमेरिकेला पाठवणार होती. लग्न करून जायचं की नुसतंच जायचं, हे त्याआधी ठरायला हवं होतं. अमोलच्या घरच्यांनी नाताळाला सगळ्यांना बोलावलं होतं आणि मुलीच्या वडिलांनी स्वतःच्या तोंडानं होकार दिल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. ‘तेव्हा तिथे काय ते सांगा, बाबा. हो तर हो, नाही तर नाही. मी पळूनबिळून जाणार नाही. पण “आढळलं नाही” वगैरे चालणार नाही.’

साडू म्हणाले, ‘पाहू.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘नाताळाला रिकाम्या हातानं जाता येणार नाही.’

ताईंनी आतूनच पेढे सुचवले. ते साडूंनी फेटाळले. ज्यांचा सण, त्यांचा पदार्थ, हे तत्त्व. मग आठ दिवस वाचनालयात बसून त्यांनी एका जुन्या इंग्रजी मासिकातून नाताळाच्या सुट्टीत करायच्या गोड ब्रेडची कृती उतरवून आणली. पिकलेली केळी, मैदा, साखर, लोणी, अंडी, दालचिनी, अक्रोड. यात यीस्ट नसतं, पीठ फुगायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून तिकडे याला झटपट ब्रेड म्हणतात, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. या झटपट ब्रेडला पुढे आठ आठवडे लागले.

पहिली अडचण अंड्याची. अंडं या घरात आलं तर मी जाईन, असं ताईंनी सांगितलं. साडू काही क्षण दोन्ही पर्यायांचा विचार करताना दिसले आणि त्यांनी अंड्याऐवजी दही घातलं. काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, ज्यात ताई वर्षातून एकदा नानकटाई करत, तो माळ्यावरून खाली आला. त्याला तापमानाचा काटा नव्हता, म्हणून प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून झाकणाच्या भोकातून सोडण्यात आला. पहिली खेप मधोमध खचली. दुसरी वरून काळी आणि आतून खिरीसारखी. तिसरी दिसायला उत्तम होती, पण सुरी अडकली. प्रत्येक खेपेचा क्रमांक, वेळ, वजन आणि व्हर्नियर मोजपट्टीनं मोजलेली उंची वहीत नोंदली जाई. नापास मालावर लाल चिकटपट्टी लागे. अन्न टाकायचं नाही, हेही एक धोरण असल्यामुळे नापास माल साडू स्वतः चहाबरोबर खात. त्या दोन महिन्यांत त्यांच्या पँटी घट्ट झाल्या. ती नोंद वहीत नाही.

पास होण्याची शक्यता असलेल्या खेपांचे तुकडे इमारतीत वाटले जात आणि सोबत छापील तक्ता असे: रंग, पोत, गंध, चव, शेरा. तळमजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी ‘पोत’ या रकान्यात ‘पायपुसण्याचा’ असं लिहिलं आणि खाली दिनांकासह सही केली. साडूंना राग आला नाही. ‘निरीक्षण स्पष्ट आहे,’ ते म्हणाले. राग आला तो माझ्या बायकोचा. तिनं ‘बरा आहे’ असं लिहिलं होतं. ‘अहो, बरा हे काय माप झालं? तुमच्या घरात तापाला बरा म्हणतात, जावयाला बरा म्हणतात, ब्रेडलाही बराच?’

दुरुस्त्या मात्र ताईंकडून येत. त्या प्रयोगात भाग घेत नव्हत्या; फक्त दारात उभ्या राहून बोलत. लोण्याला वास येतो, त्यापेक्षा घरचं तूप घाला. दालचिनी काढ्यासारखी लागते, वेलदोडा घाला. मैदा पोटाला चिकटतो, निम्मा रवा घेऊन बघा. निम्म्यानं पोत सुधारला, तेव्हा सगळाच रवा झाला. पाण्याऐवजी दूध आलं. अक्रोड कडवट निघाले, त्यांच्या जागी काजू-बेदाणे आले. वाटीनं मोजायची सवय ताईंची, त्यामुळे प्रमाण हळूहळू सव्वा-सव्वा वाटीवर येऊन स्थिरावलं. प्रत्येक बदल ‘सुधारणा’ म्हणून नोंदला गेला, दोघांच्या सह्या झाल्या आणि अकरावी खेप सर्व रकान्यांत उत्तीर्ण झाली. प्राध्यापकांनीसुद्धा दुसरा तुकडा मागितला. ‘चव ओळखीची वाटते,’ एवढाच शेरा त्यांनी दिला. आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ, ब्रेड परदेशी दर्जाचा झाला, असा घेतला.

नाताळाच्या दोन दिवस आधी मी साडूंना एकट्याला गाठलं. ‘ब्रेड पास झाला,’ मी म्हणालो. ‘मुलाचं काय?’

‘तो पाहिला. तीनदा.’

‘त्याला ठाऊक आहे?’

‘छे! बसथांब्यावर उभा राहिलो. एकदा पेपर घेऊन, एकदा छत्री घेऊन आणि एकदा हेल्मेट घालून.’

‘बसथांब्यावर हेल्मेट?’

‘चेहरा झाकला जातो. त्यानं एका म्हाताऱ्या बाईंची पिशवी चढवली. रांग मोडली नाही. मुक्ताशी बोलताना घड्याळाकडे बघत नाही.’

‘मग अडलं कुठे?’

ते वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिले. ‘अहो, कारखान्यात एखाद्या खेपेत एकही दोष सापडला नाही ना, की आम्ही माल सोडत नव्हतो. आधी स्वतःची मापं तपासायचो. वाटायचं, आपलीच पट्टी चुकली असेल. आता ही मुलगी चालली सातासमुद्रापार. तिथे काही बिघडलं, तर इथे माल परत येत नाही.’ मग त्यांनी वही मिटली. ‘आणि माझी पट्टी जुनी आहे.’

तोवर मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखत होतो. त्यांनी स्वतःच्या मोजमापाबद्दल शंका घेतल्याचा तो एकमेव प्रसंग.

नाताळाच्या दिवशी दुपारी आम्ही पाच जण दोन रिक्षांतून येरवड्याला गेलो. ब्रेडचा डबा साडूंच्या मांडीवर होता. खिशात अमोलला विचारायच्या प्रश्नांची यादी होती. दारात रांगोळी होती, वर चांदणीचा आकाशकंदील होता. साडू उंबऱ्यापाशी थबकले आणि घरक्रमांक पुन्हा वाचला. अमोलचे वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघांनी अगत्यानं बसवलं आणि पाचच मिनिटांत सगळ्यांपुढे बशा आल्या. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, पातळ पोह्यांचा चिवडा.

साडू बशीकडे बघत राहिले. ‘हे… आज?’

‘नाताळाचा फराळ!’ अमोलची आई म्हणाली. ‘आठ दिवस खपतोय. घ्या ना.’

‘आम्हाला वाटलं, तुमच्यात…’ ताई म्हणाल्या आणि थांबल्या.

साडूंनी डबा पुढे केला. ‘आपल्या सणाचा ब्रेड. घरी केलाय.’

‘आमच्या सणाचा?’ अमोलच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं. ‘आपण करतो का गं असा काही?’

‘नाही बाई. केक असतो आपला, तोही बेकरीतला.’ पण तिनं लगबगीनं सुरी आणली आणि सगळ्यांना तुकडे दिले. कोपऱ्यात खुर्चीवर अमोलची आजी बसली होती. हिरवं नऊवारी, गळ्यात बारीक क्रूस. तिनं तुकडा हुंगला, तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

‘आगं बया! ह्यो तर सत्यनारायणाचा शिरा!’

अमोलची आई सुरी हातात धरूनच आजीकडे वळली.

‘व्हय की! गावाकडं शेजारी पूजा असली की द्रोण यायचा आमच्याकडं. केळं, तूप, येलदोडा… तसाच हाय! निस्ता भाजून घट केलाय. लई वरसांनी खाल्ला बगा.’ आणि तिनं हात पुढे केला. ‘आनखी द्या.’

साडूंनी हातातल्या तुकड्याचा वास घेतला. मग ताईंकडे पाहिलं. ताई चिवड्यातला शेंगदाणा शोधत होत्या. दोन महिने, अकरा खेपा आणि दोघांच्या सह्या यांनिशी येशूच्या वाढदिवसाला आपण कोणाचा प्रसाद घेऊन आलो, हे त्यांच्या ध्यानात येत असताना मला त्यांच्याकडे पाहवेना म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो.

तेवढ्यात अमोलच्या वडिलांनी घसा साफ केला. ‘तर मग, मुलांचं… आपला विचार काय ठरला?’

साडूंचा हात खिशाकडे गेला. यादी निघाली. चार घड्यांचा कागद त्यांनी उलगडला, चष्मा लावला. अमोल सरळ होऊन बसला. साडूंनी कागदावरून नजर फिरवली, मग मान वर करून मुक्ताकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा काढला.

‘हो,’ ते म्हणाले.

ताईंना वाटलं, त्यांना ठसका लागला. त्यांनी पाणी पुढे केलं.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुक्ता आणि अमोल तिकडेच असतात. अमोलची आजी गेली. साडू थकले आहेत. कोथिंबिरीची जुडी हल्ली न सोडताच घेतात आणि भाजीवाल्याला त्याचं वाईट वाटतं. नाताळाला येरवड्याला जाणं मात्र ते चुकवत नाहीत. गेल्या वर्षी परतताना मी त्यांना विचारलं, एवढी मोठी यादी होती, एकही प्रश्न न विचारता हो कसं म्हणालात? ते रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाले, ‘मुक्ताच्या बशीकडे बघितलं. पोरीनं एका पदार्थाला हात लावला नव्हता. माझं उत्तर काय येईल या धास्तीनं तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्यापुढे काय तपासायचं? बापाला तेवढं मोजता आलं पाहिजे.’ त्यांचा आवाज जरा हलला.

रविवारी मुक्ताचा फोन आला, तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली की त्या दिवशी तिची डावी दाढ दुखत होती आणि दुसऱ्या दिवशी ती काढावी लागली. साडूंना मी हे कळवलेलं नाही.