डॉल्फिनचं तोंड

मेहकरचा मोईज बागांसाठी डॉल्फिनच्या आकाराचे कचऱ्याचे डबे बनवायचा. हसरा चेहरा, उघडं तोंड. लोक कचरा इकडेतिकडे फेकायचे आणि त्या तोंडात मात्र नेमका तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायचे.

यंदा तो दोस्तांबरोबर कोकणात गेला. नाववाल्यानं इंजिन दणाणवत नाव थेट डॉल्फिनच्या कळपात घुसवली. एका डॉल्फिननं श्वास घ्यायला डोकं वर काढलं, तोच मोईजशेजारी बसलेल्या देवेशनं त्याच्यावर पचकन पिंक टाकली.

"काऊन थुंकला बे?" मोईज ओरडला.

"थोबाड तं तुह्या डब्यासारखंच हाय!"

सगळी नाव खिदळली.

परतल्यावर त्यानं नव्या डब्यांना माणसाचं तोंड बसवलं. बागेच्या मुकादमानं ते परत पाठवले. म्हणाला, "माणसाच्या तोंडात थुंकाले किळस येते, मोईजभाई."