मदतीच्या पानावर भोकरदन

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत गोदामाचा प्रोग्राम मी लिहायचो. त्याची मदतीची पानं कायम जुनीच राहायची. म्हणून कुठलं बटण काय करतं याच्या कोडमधल्या माझ्या टिपा आपोआप त्या पानांवर याव्यात, अशी जोडणी करायला बसलो. पासवर्ड चालेना, वीज टिकेना, नुसता वैताग. एकदाचं जुळलं, तर दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या गोदाम कारकुनाचा फोन.

"साहेब, मदतीत आलंय की भोकरदनवाला दिसेल ते बटण दाबतो, त्याला 'नक्की ना?' असं दोनदा विचारा. हा मीच न्हाई का?"

"कॉम्प्युटरची चूक आहे."

"मंग कॉम्प्युटर भोकरदनला कधी आल्ता?"

ती टीप कोडमध्ये मीच स्वतःसाठी लिहून ठेवली होती, हे कबूल करायला तेव्हा जीभ रेटली नाही. "आत्ता काढतो," एवढंच म्हणालो.

"काढा. पण परतूरच्या गोदामवाले सकाळपासून फोन करून हसून राह्यले, साहेब."