कानातली फोडणी

माझ्या कानातल्या मळाला विज्ञानात मागणी आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आमची लेक रश्मी माणसाच्या शरीरातल्या बारीकसारीक रसायनांवर संशोधन करते. लोक रक्त मागतात, लघवी मागतात. हिला हवा होता कानातला मळ. मळ द्यायला तयार झालेले एक काका आयत्या वेळी पळाले आणि मळ तपासायचं मशीन तर दुसऱ्याच दिवशी मिळणार होतं. ते हुकलं की पुढचे कित्येक महिने रांगेत!

"बाबा, सकाळी तुमचा घेऊ?" रश्मी रडवेली होऊन म्हणाली.

"घे नं बेटा! बापाचं जे आहे ते तुझंच!" (मळाबद्दल बोलताना गळा भरून आलेला मी पहिलाच बाप असेन.)

"याइच्या कानात मस्त असन," पोळ्या लाटता लाटता आमची शोभा म्हणाली. "लग्नापासून माही हाक काई आत जाऊन नाई राहिली."

सकाळी उठल्याबरोबर कान चाचपला. कोरडा ठणठणीत! पोरीचं संशोधन माझ्या कानापायी बुडणार! ती अंघोळीला गेलेली पाहून मी शोभाला गाठलं.

"काय वं, मळ सुटायले काय करतात?"

"गरम तेल. माही माय त्यात लसूण टाके."

"मंग टाक नं!"

"पोरीले विचारा तरी."

"तिले काय विचारायचं? मी तयारी करून ठेवून राहिलो!"

शोभानं तेल तापवलं, लसूण टाकला आणि हाताच्या सवयीनं मोहरी-हिंगही टाकला. कोमट झाल्यावर दोन्ही कानांत थेंब थेंब सोडलं. शेजारीणबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय वं, आज सकाळीच वरण?"

रश्मीनं कापसाची काडी फिरवली. मळ भरघोस निघाला!

"बाबा, लसणाचा वास येऊन राहिला."

"तुझी आई वरणाले फोडणी देऊन राहिली," मी म्हणालो.

संध्याकाळी ती आली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली.

"बाबा, मशीननं लसूण ओळखला. हिंगही ओळखला. सर विचारून राहिले, कान आहे का कढई?"

"म्हणजे... बुडालं?" माझे डोळे खरंच भरून आले.

"नाही. ते पळालेले काका दुपारी स्वतःहून आले," ती म्हणाली आणि पोट धरून हसत सुटली.

आता तिथं मळ द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतात, "कानात फोडणी घातली आहे का?" विज्ञानात माझी भर ती एवढीच.